पद्मिनी पेट्रोल पिते आहे? कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीतला ‘रिच’ दोष शोधण्याची रीत

घरच्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीतून काळा धूर येऊ लागला, तेव्हा पहिले तीन महिने मी चुकीच्या टोकाकडून शोध घेत होतो. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी सातवर आली होती, सिग्नलला थांबले की पेट्रोलचा वास आत यायचा आणि दर पंधरवड्याला प्लग काजळीने भरून जायचे. त्या काळात एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनला देणारा भाग) दोनदा धुऊन झाला, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) बदलून झाले, मिक्श्चरचा स्क्रू तर कितीदा फिरवला गेला याची मोजदादच नाही. दोष अखेर सापडला तो चोकच्या, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना मिश्रण दाट करणाऱ्या व्यवस्थेच्या, केबलमध्ये. केबल जेमतेम तीन-चार मिलिमीटर तोकडी बांधलेली होती, एवढेच. ज्यांनी नुकतीच जुनी गाडी घेतली आहे किंवा आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, त्यांचे असे महिने वाया जाऊ नयेत म्हणून मी तपासणीचा जो क्रम आता पाळतो, तो इथे सविस्तर लिहीत आहे.

उदाहरण सगळीकडे पद्मिनीचे आहे, कारण तीच गाडी मी उघडून पाहिली आहे. फियाट ११०० या इटालियन गाडीवर बेतलेली ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे आणि १९७४पासून ती पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, आणि त्यावर सोलेक्स जातीचा कार्ब्युरेटर. तपासणीचा क्रम मात्र कोणत्याही कार्ब्युरेटरच्या गाडीला लागू पडतो. जिथे रचना वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

आधी जमवायच्या वस्तू

प्लग-पाना, फीलर गेज, स्लॉटमध्ये घट्ट बसणारे दोन-तीन रुंदीचे पेचकस, ८ ते १४ मिलिमीटरचे पाने, चांगली टॉर्च, सुती फडकी, कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे आणि टायरवाल्याकडे मिळते तशी दाबाची हवा. सुटे भाग ठेवायला पांढरा ताट-ट्रे घ्या. काळ्या जमिनीवर पडलेले पितळी जेट सापडत नाही, हे अनुभवाने सांगतो. कार्ब्युरेटर उघडण्याआधी नवे किट, म्हणजे पॅकिंग, सुई आणि पंपाचा पडदा, हाताशी असू द्या, कारण जुने पॅकिंग उघडताना फाटतेच. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे जुन्या गाड्यांचे भाग शोधता येतात. जाताना जुना भाग सोबत न्या आणि शेजारी ठेवून मापे जुळवा. गाडीचे मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळाले तर उत्तम, कारण जेटचे क्रमांक त्यातच खात्रीने कळतात.

एक सूचना गांभीर्याने घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे ठिणगी दूर असली तरी ती तिथवर पोहोचते. काम उघड्यावर करा, पेट्रोलची नळी सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ड्राय पावडरचे अग्निशामक नळकांडे जवळ ठेवा, आणि बंगल्याच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर जवळच्या गॅस गिझरचा विसर पडू देऊ नका.

१. गाडी खरोखर रिच आहे का, हे ठरवा

रिच म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून बरीच कमी पडली की उरलेल्या पेट्रोलची काजळी होते. धूर काळा असेल तरच तो पेट्रोलचा. निळसर धूर ऑइल जळण्याचा असतो, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शंका घ्यावी. सायलेन्सरच्या तोंडात फडके फिरवून पाहा. बोटावर कोरडी, भुरभुरीत काजळी आली तर गाडी रिच आहे. चिकट, तेलकट मळ आला तर कार्ब्युरेटर सोडून पिस्टनच्या रिंगांकडे आणि व्हॉल्व्हच्या सीलकडे वळावे लागेल.

प्लगही हेच सांगतात, पण ते योग्य वेळी काढले तर. घराच्या दारात दहा मिनिटे स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरला पाय न लावता, चालवून काढलेले प्लग निरोगी गाडीचेही काळे दिसतात. इंजिन पूर्ण गरम करून मोकळ्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवा, मग क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि गाडी कडेला घेऊन प्लग काढा. किल्ली लॉकपर्यंत फिरवू नका, नाहीतर स्टिअरिंग अडकेल. चिनी मातीच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी, भाजलेल्या रव्यासारखा असावा. चारही प्लग कोरडे काळे असतील तर दोष सामाईक आहे, म्हणजे कार्ब्युरेटर, चोक, हवा किंवा पंप. एकच प्लग काळा असेल तर त्या सिलिंडरची प्लगची वायर, टॅपेट किंवा कॉम्प्रेशन पाहा. चौघांना एकच कार्ब्युरेटर पेट्रोल पुरवत असताना तो एकाच सिलिंडरला रिच करील, अशी शक्यता फार कमी आहे.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. गरम इंजिन स्लोवर ठेवून इंटेक मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीला) जोडलेली एखादी बारीक व्हॅक्यूमची नळी क्षणभर सैल करा, म्हणजे थोडी जादा हवा आत जाईल. इंजिनची चाल सुधारली तर गाडी रिच आहे. ते अडखळले तर मिश्रण ठीक किंवा आधीच पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, आहे.

२. दोष कोणत्या वेगाला दिसतो, ते लिहून ठेवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या अनेक वाटा असतात आणि प्रत्येक वाटेची वेळ ठरलेली असते. स्लोवर आयडल जेट आणि मिक्श्चरचा स्क्रू काम करतात. पाय थोडा दाबला की थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या) पातीजवळची बारीक छिद्रे पेट्रोल देऊ लागतात. पुढे मेन जेट आणि त्याच्या जोडीचे, हवा मोजून सोडणारे एअर करेक्शन जेट सूत्रे हाती घेतात, आणि पाय झटकन दाबला तेवढ्यापुरता ॲक्सिलरेटर पंप एक धार सोडतो. म्हणजे ताशी साठच्या वेगाला गाडी काळा धूर सोडत असेल तर मिक्श्चरचा स्क्रू फिरवणे हे दाढ दुखत असताना गुडघ्याला लेप लावण्यासारखे आहे.

तेव्हा एका कागदावर चार ओळी लिहा: स्लोवर काय होते, हळूहळू वेग घेताना काय होते, घाटात पूर्ण पाय दाबल्यावर काय होते, आणि गरम गाडी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करताना काय होते. सगळ्याच ओळींत तक्रार असेल तर फ्लोटची (कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल ठरल्या उंचीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी, पंपाचा दाब किंवा हवेचा अडथळा. फक्त स्लोवर असेल तर चोक किंवा आयडलची वाट. फक्त वेगाला असेल तर जेट. महाबळेश्वरसारख्या तेराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर गाडी किंचित जड चालली तर तो दोष समजू नये. तिथे हवाच विरळ असते आणि घाट उतरला की चाल पूर्ववत होते.

३. ठिणगी आणि थर्मोस्टॅट

कमकुवत ठिणगीने पेट्रोल अर्धवट जळते आणि लक्षणे हुबेहूब रिच गाडीची दिसतात. म्हणून ठिणगी तयार करणारे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लगच्या वायरी आणि टायमिंग आधी नीट करून घ्या. पॉइंटचे अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगचे ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिसला तर तोच पाळा.

थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणाऱ्या झडपेची, गोष्ट खास आपल्याकडची आहे. ‘गाडी गरम होते’ या तक्रारीवर तो काढूनच टाकण्याचा रिवाज कित्येक गॅरेजांत होता, आणि रेडिएटरमधला गाळ तसाच राहायचा. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन, विशेषतः थंडीत आणि पावसाळ्यात, पुरेसे तापत नाही. पेट्रोलची वाफ नीट होत नाही, मालक चोक ओढून ठेवतो आणि प्लग काळे पडतात. वीस मिनिटे चालवूनही तापमानाचा काटा वर येत नसेल तर थर्मोस्टॅटच्या घरात डोकावून पाहा. ते रिकामे सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

४. हवेची वाट

एअर फिल्टर काढून गाडी थोडी चालवा. धूर लगेच कमी झाला तर फिल्टर तुंबलेला आहे. याच ठिकाणी आणखी एक सापळा असतो. मुंबईत अनेक गाड्यांना पूर्वी सीएनजी किट बसवलेले होते, आणि किट काढताना टाकी व रेग्युलेटर गेले तरी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसवलेला मिक्सर तसाच राहिलेला आढळतो. तो हवेचा गळा आवळतो आणि पेट्रोलवर गाडी कायम रिच चालते. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये आतून भोके असलेली ॲल्युमिनियमची कडी दिसली तर ती काढून मूळ रचना करून घ्या.

५. चोक खरोखर बंद होतो का

माझी गाडी इथे अडली होती, म्हणून इथे थोडे थांबतो. पुष्कळ कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे तोंडावरची एक पाती असते आणि ती उघडी आहे की मिटलेली, हे वरून दिसते. पद्मिनीच्या सोलेक्समध्ये अशी पाती शोधू नका. तिथे कार्ब्युरेटरच्या बाजूला स्टार्टरची एक स्वतंत्र, छोटी व्यवस्था असते. केबल ओढली की आतली भोकांची चकती फिरते आणि थ्रॉटलच्या खालच्या बाजूला दाट मिश्रणाची वाट उघडते. थंड गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटरला पाय लावू नये असे जुने ड्रायव्हर सांगत, ते याच कारणाने. थ्रॉटल मिटलेला असेल तेव्हाच खालची ओढ पूर्ण लागते आणि ही व्यवस्था काम करते.

चकती दिसत नाही, त्यामुळे ती पूर्ण परत गेली नाही तरी पत्ता लागत नाही. डॅशबोर्डवरची मूठ पूर्ण आत गेलेली असते आणि आपण निर्धास्त असतो. बॉनेट उघडून, टॉर्च लावून, स्टार्टरची बाहेरची लिव्हर पाहा. मूठ आत ढकलल्यावर लिव्हर आपल्या अटकावाला टेकली पाहिजे आणि केबलमध्ये एक-दोन मिलिमीटरची ढील राहिली पाहिजे. माझ्या गाडीत लिव्हर टेकली आहे असे वाटत होते. बोटाने मागे दाबली तेव्हा ती आणखी थोडी सरकली आणि त्याच क्षणी स्लोचा आवाज बदलला. केबलचा स्क्रू सैल केला, लिव्हर पूर्ण मागे नेली, ढील ठेवून स्क्रू पुन्हा आवळला. तीन महिन्यांच्या शोधाचा शेवट पाच मिनिटांत झाला.

लिव्हर टेकूनही संशय उरला तर ही परीक्षा करा. गरम इंजिन शक्य तेवढ्या कमी स्लोवर आणा आणि मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू पूर्ण बंद करा. निरोगी गाडी बंद पडायला हवी. ती आरामात चालत राहिली तर पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येत आहे, म्हणजे चकतीची झीज, फ्लोटची चढलेली पातळी, किंवा थ्रॉटलची पाती गरजेपेक्षा जास्त उघडी ठेवलेली असणे. चकती झिजलेली असेल तर तिचा पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश कागदावर सपाट करता येतो, पण खोल चरे पडले असतील तर बदलणेच बरे.

ॲम्बॅसेडरच्या ज्या मॉडेलांना एसयू जातीचा कार्ब्युरेटर होता, त्यांत चोक ओढला की जेटच खाली उतरते. मळामुळे ते परत वर चढत नाही आणि गाडी रिच राहते. खालून बोटाने जेट वर ढकलून पाहा.

६. फ्लोट, सुई आणि पंप

इंजिन थोडा वेळ स्लोवर चालवून बंद करा, फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा. मधल्या नळीतून पेट्रोलचे थेंब पडत असतील तर वाटीतली पातळी चढलेली आहे. गरम गाडी बंद केल्यावर पाचएक मिनिटांनी येणारे थेंब मात्र उन्हाळ्यात उष्णतेने पेट्रोल उकळल्याचेही असू शकतात, म्हणून बंद केल्याबरोबर पाहा.

पातळी चढण्याची तीन कारणे असतात. पहिले, सुई (फ्लोट वर चढला की पेट्रोल अडवणारी) गळते: तिच्या टोकावर कडीसारखी खूण उमटलेली असेल किंवा बैठकीत कचरा अडकलेला असेल तर ती बंद होत नाही. दुसरे, फ्लोटला भोक पडते. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर निदान झाले. आवाज आला नाही तरी तो गरम पाण्यात बुडवून पाहा, बारीक भोकातून बुडबुडे येतात. हे पाणी चुलीवरून उतरवून, लांब आणून वापरा. तिसरे, सुईच्या बैठकीखालच्या वॉशरची जाडी. सोलेक्समध्ये सुईची बैठक झाकणात खालच्या बाजूने बसते, त्यामुळे वॉशर जाड घातला तर पातळी उतरते आणि पातळ घातला तर चढते. गॅरेजमध्ये जुना वॉशर हरवून हाताला लागेल तो बसवला जातो आणि नवी सुई घालूनही गाडी रिच राहते.

हे सगळे ठीक असेल तर पंप पाहा. मूळ यांत्रिक पंपाखालचे पॅकिंग पातळ पडले तर दाब वाढू शकतो. कुणी इंजेक्शनच्या गाडीचा विजेवरचा पंप बसवला असेल तर दोष तिथेच आहे, कारण अशा कार्ब्युरेटरची सुई ३ पीएसआयच्या आसपासचा दाब सांभाळण्यासाठी असते आणि तो पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो. पडताळण्यासाठी स्लोवर असताना पेट्रोलची रबरी नळी काही वेळ दाबून धरा. वाटीतली पातळी उतरत जाताना, बंद पडण्यापूर्वी इंजिनची चाल स्वच्छ झाली, तर दोष पातळीचा किंवा दाबाचा आहे हे पक्के.

इथे इथेनॉलबद्दल एक गैरसमज दूर करतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर त्याच जेटने गाडी उलट थोडी पातळ चालते. काळ्या धुराचे खापर थेट इथेनॉलवर फोडता येत नाही. जुने रबर आणि पडदे मात्र त्याने फुगतात व सैल पडतात, आणि त्या वाटेने सुई किंवा पंप बिघडू शकतो.

७. जेट: मोजा, टोचू नका

जेटवरचा क्रमांक म्हणजे साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. मेन जेट मोठे तर मिश्रण दाट, पण एअर करेक्शन जेट मोठे तर मिश्रण पातळ. हे उलटे गणित लक्षात ठेवा, कारण एअर करेक्शन जेट किंवा त्याखालची, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी इमल्शन नळी तुंबली तरी वेगाला गाडी रिच होते आणि बिचारे मेन जेट विनाकारण बदलले जाते. क्रमांक मॅन्युअलशी ताडून पाहा, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. ‘पिकअप वाढवतो’ म्हणून रीमरने भोक मोठे केलेल्या जेटवर क्रमांक जुनाच राहतो. शंका आली तर नवे घ्या. सफाई स्प्रे आणि हवेने करा. पितळ मऊ असते आणि तार घालून कोरलेले जेट पुन्हा मूळ मापाचे होत नाही.

झाकण बसवताना नट आलटून पालटून, बेताने आवळा. जोर केला की झाकण वाकते आणि नवीच गळती सुरू होते.

८. मिक्श्चरचा स्क्रू

आता त्याची पाळी. इंजिन गरम, चोक पूर्ण आत, फिल्टर जागेवर. स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा, जोर दिला तर टोकावर कडी उमटते, आणि दीड फेरा उलटा सोडा. स्लो किंचित वाढवा, स्क्रू आत घेत जा. इंजिन अडखळू लागले की बाहेर सोडत चाल सर्वांत गुळगुळीत होईल तिथे आणा आणि तिथून अगदी थोडा, साधारण एक अष्टमांश फेरा, आत घ्या. मग स्लो पुन्हा उतरवा. सोलेक्सचा हा स्क्रू बाहेर सोडला की मिश्रण दाट होते. काही जुन्या कार्ब्युरेटरमध्ये त्या जागी हवेचा स्क्रू असतो आणि तिथे दिशा नेमकी उलट होते, म्हणून आपला स्क्रू कोणता, हे आधी पाहून घ्या.

९. पीयूसीचे यंत्र आणि ऑइल

पीयूसी केंद्रावर जाताना नुसता दाखला घेऊन परतू नका, यंत्रावरचे आकडे पाहा. पद्मिनीच्या काळातल्या पेट्रोल मोटारींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. दोन्ही आकडे चढलेले असतील तर गाडी फार रिच आहे किंवा ठिणगीही चुकते आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत आणि हायड्रोकार्बन मात्र भरमसाट असेल तर पुन्हा टप्पा ३ गाठा, ठिणगी चुकते आहे. केंद्रावर गर्दी नसेल तर विनंती करून स्क्रू तिथेच, आकड्यावर नजर ठेवून लावता येतो. मला तरी कुणी नकार दिलेला नाही.

घरी परतल्यावर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा न भरताच पातळी वर चढली असेल, तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरले आहे, नाहीतर पंपाचा पडदा फाटून थेट ऑइलमध्ये गळते आहे. दुसऱ्या प्रकारात पडदा आधी बदला. दोन्ही प्रकारांत ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका, कारण पातळ ऑइलने बेअरिंग खराब होतात. शिवाय त्या ऑइलमधून निघणारी पेट्रोलची वाफ ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीने कार्ब्युरेटरकडे परतते आणि दोष काढूनही गाडी काही दिवस रिच दाखवते. नवे ऑइल, साफ केलेले प्लग आणि शंभर किलोमीटरचा प्रवास झाल्यावर प्लग पुन्हा टप्पा १ प्रमाणे काढून पाहा. ते अजूनही कोरडे काळे असतील तर चार ओळींचा तो कागद पुन्हा नव्याने लिहा, कारण एक दोष काढल्यावर उरलेला दुसरा बहुधा वेगळ्याच ओळीत दिसतो.